मदत हवी आहे: डायमिथाइल इथरचं कमी तापमानाचं ऑक्सिडेशन, कार्बनचा हिशेब जुळत नाही

धागाकर्ता
क्वार्ट्झचा जेट-स्टर्ड (झोतांनी वायू सतत ढवळणारा) रिअ‍ॅक्टर, आकारमान ९० घन सेंटिमीटर (घसेंमी), दाब १ वातावरण. डायमिथाइल इथर (डीएमई) १%, ऑक्सिजन ३%, बाकी हेलियम. मास फ्लो कंट्रोलरवर एकूण प्रवाह मिनिटाला २७०० घसेंमी (०° से.ला मोजलेला), म्हणजे निवासकाल (वायू आत राहण्याचा सरासरी वेळ) २ सेकंद. तापमान ५०० ते ७४० केल्विन. डीएमई आणि मिथाइल फॉर्मेट गॅस क्रोमॅटोग्राफच्या (जीसी) ज्वाला-आयनीकरण डिटेक्टरवर (एफआयडी) मोजतो, कार्बन मोनॉक्साइड व डायऑक्साइड उष्णतावाहकता डिटेक्टरवर (टीसीडी).

५०० केल्विनला कार्बनचा हिशेब (आत गेलेल्यापैकी बाहेर मोजलेला कार्बन) ९९% जुळतो, ६०० ला ७८%, ७०० ला परत ९५%. ६०० ला डीएमई ३५% खर्च होतं. गळती नाही. शिवाय संगणकावरचं अभिक्रियेचं मॉडेल तिथे बरंच जास्त रूपांतर दाखवतं. मॉडेलमधले वेग-स्थिरांक बदलून बघू का?

काचनळी
वेग-स्थिरांकांना इतक्यात हात लावू नका. तुमचा निवासकाल २ सेकंद नाहीच. ०° से.ला सेकंदाला ४५ घसेंमी असलेला वायू ६०० केल्विनला २.२ पट फुगतो, सुमारे ९९ घसेंमी होतो. म्हणजे निवासकाल ०.९१ सेकंद. प्रवाह तोच ठेवलात तर ७४० ला तो आणखी घसरून ०.७४ वर येतो, आणि एनटीसीचा (तापमान वाढूनही अभिक्रिया मंदावण्याचा) उतार खराखुरा किती आणि कमी वेळामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. ६०० ला २ सेकंद हवे असतील तर मिनिटाला साधारण १२३० घसेंमी लावा आणि दर तापमानाला प्रवाह नव्याने काढा. कंट्रोलर कुठल्या 'प्रमाण' तापमानावर कॅलिब्रेट केलाय तेही बघा. काही ०° चे असतात, काही २०° किंवा २५° चे.

मेथनायझर
कार्बन हरवलेला नाही, तुमच्या डिटेक्टरला दिसत नाही. खर्च झालेल्या ३५ टक्क्यांपैकी २२ गायब आहेत आणि तूट रूपांतराबरोबर वरखाली होते. हे फॉर्माल्डिहाइडचं लक्षण. ओएच मूलक (अतिशय क्रियाशील रेणूखंड) डीएमईचा हायड्रोजन काढतो, उरलेल्या मूलकाला ऑक्सिजन चिकटतो, आतल्या आत हायड्रोजन सरकतो. पुढे दोन वाटा: तुटून फॉर्माल्डिहाइडचे दोन रेणू आणि एक ओएच, किंवा दुसरा ऑक्सिजन घेऊन हायड्रोपेरॉक्सिमिथाइल फॉर्मेट आणि ओएच. साखळीला फाटे फुटतात ते दुसऱ्या वाटेने, कारण तो पेरॉक्साइड तुटताना आणखी एक ओएच सोडतो. तापमान वाढलं की पहिली वाट वरचढ होते. एनटीसीचं मुख्य कारण हेच.

नुसत्या एफआयडीवर फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्ल जवळपास उमटतच नाहीत. जीसीच्या स्तंभानंतर निकेलचा मेथनायझर (कार्बनी संयुगांचं मिथेन करणारं उपकरण) लावा. ऑक्सिजनचं शिखर मात्र त्यावरून जाऊ देऊ नका, वळवून बाहेर काढा. निकेल ऑक्सिडाइझ झालं की प्रतिसाद घसरतो. नळीचा एक सांधा जरी थंड राहिला तरी फॉर्माल्डिहाइड तिथे पॉलिमर होऊन बसतं.

धागाकर्ता
एफटीआयआर (अवरक्त वर्णपटमापक) आहे. त्यावर फॉर्मिक आम्ल मोजता येईल? आणि तो पेरॉक्साइड?

मेथनायझर
आम्ल येईल, पण जपून. त्याचं ठळक शिखर ११०५ प्रति सेंमीला आणि डीएमईचा जोरदार पट्टा ११०२ ला. डीएमईचा संदर्भ वर्णपट त्याच दाबाला, त्याच तापमानाला घेऊन वजा करा, किंवा १७७६ चा पट्टा वापरा. तिथे मिथाइल फॉर्मेट (१७५४) आणि पाण्याच्या रेषा आड येतात. क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरचा मोह नको, डीएमई आणि फॉर्मिक आम्ल दोन्हींचं वस्तुमान ४६. फरक ०.०३६ एवढाच, त्यासाठी १३०० च्या वर विभेदन (जवळची वस्तुमानं वेगळी ओळखण्याची क्षमता) लागतं.

पेरॉक्साइड (वस्तुमान ९२) गरम नळीत टिकत नाही. त्याला थेट रिअ‍ॅक्टरमधून आण्विक झोताने नमुना घेऊन प्रकाश-आयनीकरण लागतं.

काचनळी
थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कुठे आहे? भट्टीच्या भिंतीवर असेल तर आकडा फसवा आहे. ३५% डीएमई फक्त फॉर्माल्डिहाइड आणि पाण्यापर्यंत गेलं आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तरी वायू सुमारे ४५ केल्विनने तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता भिंतीतून जाते, पण १० केल्विनची चूकही इथे महागात पडते. थर्मोकपल आत घाला, क्वार्ट्झच्या आवरणात. उघड्या धातूवर पेरॉक्साइड तुटतात. डीएमईच्या वाटेवर व्हायटॉनची (फ्लोरोरबरची) रिंग असेल तर बदला, ती फुगते. पीटीएफई (टेफ्लॉन) चालतं.