घटस्फोट: आधी मध्यस्थी की आधी अंतरिम पोटगीचा आदेश?

मूळ मांडणी (वकील, पुणे)

एकत्र नांदायचे नाही हे दोघांचेही ठरले असेल, तर वेगळे कसे व्हायचे हे त्यांनी मध्यस्थासमोर बसून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. एकतर्फी अर्जात क्रूरतेचा आरोप केला की तो सिद्ध करावा लागतो. त्यासाठी संसारातल्या खासगी गोष्टी आधी अर्जात, मग प्रतिज्ञापत्रात आणि शेवटी उलटतपासणीत येतात, आणि एवढे होऊनही दिवाळीच्या सुट्टीत मूल कोणाकडे राहणार, हा प्रश्न तसाच उरतो. मध्यस्थीत बोललेले पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून माणसे तेथे मोकळेपणाने बोलतात. तडजोड झाली की हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संमतीचा अर्ज करता येतो, आणि त्यातली सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणात माफ करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

प्रतिसाद (कार्यकर्ती, महिला समुपदेशन केंद्र)

आपण गृहीत धरलेली बरोबरी त्या खोलीत बहुधा नसते. जिच्या हातात घरभाड्याचे पैसे नाहीत, तिला थांबणे परवडत नाही, आणि समोरच्याला हे नेमके ठाऊक असते. मग एकरकमी पोटगीचा आकडा तिच्या हक्कावरून ठरत नाही, तिच्या नाइलाजावरून ठरतो; स्त्रीधनाचा विषय तर कित्येकदा निघतच नाही. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे रजनीश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने सांगितले आहे. ते दाखल होण्याआधीच मध्यस्थीला पाठवणे म्हणजे तिला अंधारात सौदा करायला लावणे होय. मारहाण झालेल्या बाईला तर त्याच माणसासमोर बसवूच नये.

प्रतिसाद (मूळ लेखक)

मारहाणीबाबत आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र मध्यस्थीत सही करण्याची सक्ती नसते. तडजोड फिसकटली तर मध्यस्थ तेवढेच न्यायालयाला कळवतो, दोष कोणाचा हे लिहीत नाही. शिवाय मध्यस्थी सुरू असताना अंतरिम पोटगीचा, म्हणजे अंतिम निकालापूर्वीच्या तात्पुरत्या पोटगीचा, अर्ज चालवायला कायद्याची आडकाठी नाही.

प्रतिसाद (कार्यकर्ती)

आडकाठी नसली, तरी मध्यस्थी चालू आहे या सबबीवर त्या अर्जाला पुढची तारीख पडते, आणि ती तारीख तिच्यासाठी आणखी एक महिना उधारीचा असतो. म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे: आधी प्रतिज्ञापत्रे, मग अंतरिम रक्कम, त्यानंतर मध्यस्थी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तो पहिल्या बैठकीपासून तिच्या बाजूला असावा.

प्रतिसाद (मूळ लेखक)

प्रतिज्ञापत्रे आधी हवीत, हे मी स्वीकारतो. अंतरिम रकमेसाठी मात्र प्रत्येक जोडप्याला थांबवू नये. दोघेही कमावते असतील तर तो वेळ वायाच जातो. करारात आणखी एक काळजी घ्यावी. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सुरेष्टा देवी प्रकरणापासून (१९९१) ठरलेले आहे. म्हणून ठरलेल्या रकमेचा काही भाग संमतीचा अर्ज करतानाच तिला द्यावा आणि उरलेला न्यायालयात जमा ठेवून हुकूमनाम्याच्या दिवशी तिला मिळावा, अशी अट मी घालून घेतो.