आयसीयूचा फॉरमॅटेबल: तारीख आकडा होऊन छापली जाते, आकारमान ऋण येतं

अर्धविराम (प्रश्न)

सी++ मधून आयसीयूचं (युनिकोड मजकूर आणि भाषेनुसार मांडणी सांभाळणारी लायब्ररी) मेसेजफॉरमॅट वापरतोय, म्हणजे पॅटर्नमधल्या जागा भरून संदेश बनवणारा क्लास. एका संदेशात पाच जागा भरायच्या आहेत: फाइलचं नाव, बदलाची तारीख, बाइटमधलं आकारमान, आवृत्तीचं वर्ष आणि फाइल लॉक आहे की नाही (बूल). फॉरमॅटेबलचा (कोणत्याही प्रकारचं एक मूल्य धरणारा आयसीयूचा क्लास) पाच घरांचा अ‍ॅरे करून देतो. पॅटर्नमध्ये महिरपी कंसात नुसते क्रमांक आहेत, प्रकार कुठेच लिहिलेला नाही. होतं ते असं:

– तारखेच्या जागी १,७००,०००,०००,००० छापलं जातं. मूल्य ६४ बिटी पूर्णांकात, मिलिसेकंदांत आहे.
– ३ जीबीच्या फाइलचं आकारमान संदेशात बरोबर दिसतं, पण तोच फॉरमॅटेबल दुसरीकडे गेट-लाँगने वाचला की -१०७३७४१८२४ मिळतात.
– वर्ष २,०२४ असं स्वल्पविरामासकट येतं.
– लॉकच्या जागी १ येतो.
– फाइलचं नाव देवनागरीत असेल तर लिनक्सवर ठीक, विंडोजवर कचरा.

शिवाय साइझ-टी (आकारमानासाठीचा चिन्हरहित पूर्णांक) थेट दिला तर कंपाइलर 'अ‍ॅम्बिग्युअस' म्हणून अडतो. हे सगळं सोडून स्टँडर्ड लायब्ररीच्या व्हेरिअंटवर (ठरावीक टाइपांपैकी एकाचं मूल्य धरणारा टाइप) स्वतःचा क्लास लिहावा का?

---

स्टॅकफ्रेम

पहिल्या चार तक्रारींचं मूळ एकच आहे. फॉरमॅटेबल म्हणजे आत एक युनियन (एकाच जागेत वेगवेगळ्या प्रकारांपैकी एक मूल्य) आणि सोबत एक टॅग (तो प्रकार कोणता ते सांगणारी खूण). टॅग सात प्रकारचे: तारीख, डबल, लाँग, स्ट्रिंग, अ‍ॅरे, इंट६४ आणि ऑब्जेक्ट. पॅटर्नमध्ये प्रकार लिहिला नसेल तर मेसेजफॉरमॅट फक्त हा टॅग बघतं, आणि टॅग ठरतो तुम्ही कोणता कन्स्ट्रक्टर गाठलात त्यावरून. मूल्याचा अर्थ त्याला कळायला काही मार्गच नाही.

तारीख: यूडेट हा वेगळा टाइप नाही, डबलचंच टोपणनाव आहे. म्हणून नुसता यूडेट दिला तरी टॅग डबलचाच लागतो. यासाठी दोन पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर ठेवलाय: पहिला यूडेट, दुसरा 'के-इज-डेट' हा फ्लॅग. तो वापरा. नाहीतर पॅटर्नमध्ये त्या क्रमांकापुढे डेट हा प्रकार लिहा.

आकारमान: इथे नावाने घात केलाय. फॉरमॅटेबलमधला 'लाँग' ३२ बिटी आहे, कमाल २१४७४८३६४७. ३ जीबी म्हणजे ३२२१२२५४७२, ते त्यात मावत नाहीत. स्टेटस (चूक नोंदायचं व्हेरिएबल) न घेणारं गेट-लाँग काहीही न तपासता वरचे ३२ बिट कापतं, आणि ३२२१२२५४७२ मधून ४२९४९६७२९६ वजा केले की नेमका तुमचा ऋण आकडा येतो. आत डबल असता तर त्याचे बिट पूर्णांक म्हणून वाचले गेले असते, म्हणजे ऋण-धन सोडाच, उत्तराला काही अर्थच उरला नसता. स्टेटस घेणारं रूप वापरलं तर न मावणाऱ्या आकड्याला २१४७४८३६४७ मिळतात आणि 'इनव्हॅलिड फॉरमॅट' ही चूक नोंदली जाते. आकारमानासाठी गेट-इंट६४ घ्या, तेही स्टेटससकट. स्टेटस नसलेली रूपं गेट-टाइपने टॅग पाहून घेतल्यावरच वापरावीत.

वर्ष: आकडा दिला की लोकेलप्रमाणे (भाषा-प्रदेशाच्या पद्धतीप्रमाणे) गटांचे स्वल्पविराम पडणारच. वर्ष, खाते क्रमांक, पोर्ट, त्रुटी क्रमांक ही मोजायची मूल्यं नव्हेत, ती नावं आहेत. स्ट्रिंग करून द्या, किंवा पॅटर्नमध्ये नंबर लिहून पुढे 'ग्रुप-ऑफ' हे स्केलेटन (मांडणी सांगणारा छोटा संकेत) द्या.

बूल: बूलचा कन्स्ट्रक्टरच नाही. बूलचं इंटमध्ये प्रमोशन होतं आणि ३२ बिटी कन्स्ट्रक्टर त्याला उचलतो. पॅटर्नमध्ये सिलेक्ट (मूल्यानुसार मजकूर निवडणारा प्रकार) वापरा.

---

कंपाइलरकाका

वरचं बरोबर आहे, पण तारखेच्या दुसऱ्या उपायात एक खड्डा आहे. पॅटर्नमध्ये डेट लिहिलं की काम डेटफॉरमॅटकडे जातं, आणि ते तारीख, डबल व ३२ बिटी लाँग हे तीनच टॅग स्वीकारतं. इंट६४ आला की 'इल्लीगल आर्ग्युमेंट'. तुमचं मूल्य इंट६४ मध्येच आहे, म्हणजे आकड्याऐवजी आता चूक मिळेल. आधी डबलमध्ये बदला आणि फ्लॅग लावाच. अचूकता जाण्याची भीती नको: डबलमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे सगळे पूर्णांक जसेच्या तसे राहतात, तुमचा आकडा त्याच्या पाच हजाराव्या हिश्श्याच्या आसपास आहे.

मूल्य कधी टाइम-टी (सी चा वेळेचा टाइप) मधून येणार असेल तर ते सेकंदांत असतं. १००० ने गुणायला विसरलात तर १७०००००००० ची तारीख १४ नोव्हेंबर २०२३ ऐवजी २० जानेवारी १९७० येते (दोन्ही यूटीसी). जानेवारी १९७० दिसला की आधी हाच गुणाकार तपासायचा. आणि गुणताना १०००.० लिहा, म्हणजे ३२ बिटी ओव्हरफ्लो होत नाही.

साइझ-टी: पूर्णांकांसाठी ३२ बिटी आणि ६४ बिटी चिन्हांकित असे दोनच कन्स्ट्रक्टर आहेत, आणि तिसरा डबल. चिन्हरहित मूल्याला तिन्ही रूपांतरं सारख्याच दर्जाची, म्हणून कंपाइलर निवडत नाही. शॉर्टचं इंटमध्ये आणि फ्लोटचं डबलमध्ये प्रमोशन होतं, म्हणून ते निमूट जातात. नुसता लाँग जास्त फसवा: ६४ बिटी लिनक्सवर तो इंट६४-टी शी तंतोतंत जुळतो, मॅकओएस आणि विंडोजवर जुळत नाही आणि हीच 'अ‍ॅम्बिग्युअस' चूक येते. त्यामुळे स्पष्ट स्टॅटिक-कास्ट करून इंट६४-टी द्यायची सवय ठेवा. इंटमध्ये कास्ट करून कंपाइलरचं तोंड बंद करू नका, ३ जीबी तिथेच कापले जातील.

फाइलचं नाव: कॅरेक्टर पॉइंटर घेणारा कन्स्ट्रक्टर आहे, पण तो बाइट डीफॉल्ट कोडपेजने (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) वाचतो. लिनक्सवर ते बहुधा यूटीएफ-८ असतं, विंडोजवर बहुधा नसतं. युनिकोडस्ट्रिंगचं 'फ्रॉम-यूटीएफ८' वापरून स्ट्रिंग बनवा आणि ती द्या. कन्स्ट्रक्टर स्ट्रिंगची प्रत काढतो, मूळ तुम्ही सांभाळायची गरज नाही. 'अ‍ॅडॉप्ट-स्ट्रिंग' मात्र प्रत न काढता मालकीच घेतं: त्याला न्यूने बनवलेलाच पॉइंटर द्यायचा आणि नंतर डिलीट करायचा नाही. स्टॅकवरच्या स्ट्रिंगचा पत्ता दिलात तर क्रॅश फॉरमॅटेबलच्या डिस्ट्रक्टरमध्ये होतो, खऱ्या चुकीपासून बराच लांब.

---

युनियन_नको

स्वतःचा क्लास लिहिण्याबद्दल. लोकेल, अनेकवचनाचे नियम, भाषांतरित पॅटर्न हे हवं असेल तर लिहू नका. शेवटी तुमच्या व्हेरिअंटचं फॉरमॅटेबलमध्ये रूपांतर करावंच लागेल आणि त्याच पाच चुका तिथे होतील. फक्त लॉगच्या ओळींसाठी हवा असेल तर हरकत नाही, पण इतकं बघा:

बूल आणि स्ट्रिंग एकाच व्हेरिअंटमध्ये असतील आणि तुम्ही अवतरणातला मजकूर नेमून दिला, तर सी++१७ च्या मूळ नियमांनुसार तो बूलमध्ये जातो आणि 'ट्रू' होतो. पॉइंटरचं बूल होणं हे अंगभूत रूपांतर, स्ट्रिंग होणं हे क्लासने दिलेलं. अंगभूताला मान आधी. सी++२० मध्ये हे सुधारलंय. मात्र स्वतः लिहिलेल्या ओव्हरलोड कन्स्ट्रक्टरना ही सुधारणा लागू नाही, तिथे कॅरेक्टर पॉइंटरचा वेगळा ओव्हरलोड लिहावाच लागतो.

तारखेला वेगळा स्ट्रक्ट करा, डबलचं टोपणनाव नको. व्हेरिअंटमध्ये तोच टाइप दोनदा आला की टाइपच्या नावाने गेट करता येत नाही, कंपाइलच होत नाही. आयसीयूला फ्लॅगची कुबडी लागली ती याचमुळे.

कच्च्या युनियनमध्ये स्टँडर्ड स्ट्रिंग ठेवायची तर प्लेसमेंट न्यू, हाताने डिस्ट्रक्टर आणि कॉपी-मूव्हची चारही फंक्शन्स आली. आता त्याची गरज नाही. व्हेरिअंटची किंमत म्हणजे आकार: जीसीसीच्या ६४ बिटी लायब्ररीत स्ट्रिंग ३२ बाइटची, टॅग आणि अलाइनमेंट धरून व्हेरिअंट ४० बाइटचा. पाच-दहा आर्ग्युमेंटसाठी हा विचार करायची गरजच नाही. स्ट्रिंग-व्ह्यू (प्रत न काढता मूळ स्ट्रिंगकडे नुसता बोट दाखवणारा टाइप) ठेवून जागा वाचवायला जाल तर तात्पुरत्या स्ट्रिंगकडे लोंबकळणारा पॉइंटर पदरी पडेल. स्टँडर्ड फॉरमॅटची आर्ग्युमेंट व्ह्यूच ठेवतात, पण ती त्याच कॉलपुरती जगतात, साठवून ठेवायची नसतात.

---

अर्धविराम

तारीख, वर्ष, आकारमान, नाव सुटलं. लॉकसाठी पॅटर्नमध्ये सिलेक्ट घातलं, तर तो संदेश लॉकच्या जागेपर्यंत येऊन थांबतो, आणि त्यानंतरचे सगळे संदेश पूर्ण रिकामे. त्या बाकीच्या पॅटर्नना मी हातही लावलेला नाही.

---

स्टॅकफ्रेम

माझंच अर्धं सांगायचं राहिलं. सिलेक्टला स्ट्रिंगच लागते. तुम्ही अजून बूल देताय, म्हणजे टॅग लाँग, म्हणून 'इनव्हॅलिड फॉरमॅट'. बूलवरून 'यस' किंवा 'नो' अशी युनिकोडस्ट्रिंग करून द्या, आणि पॅटर्नमध्ये 'अदर' ही शाखा ठेवा, ती सक्तीची आहे. (अनेकवचनासाठीच्या प्लूरलचं उलट: त्याला आकडाच हवा, स्ट्रिंग चालत नाही.)

पुढचे संदेश रिकामे, कारण तुम्ही एकच यूएररकोड व्हेरिएबल (म्हणजे तेच स्टेटस) सगळीकडे फिरवताय. आयसीयूचं फंक्शन आत शिरताना स्टेटस बघतं. आधीच चूक नोंदलेली असेल तर काहीही न करता परत येतं. प्रत्येक संदेशाआधी तो 'यू-झिरो-एरर' करा आणि नंतर यू-फेल्युअरने तपासा. शून्याशी तुलना करू नका: सूचना ऋण आकड्यांत येतात, उदाहरणार्थ डीफॉल्ट लोकेल वापरल्याची -१२७, आणि ती चूक नव्हे. लॉगमध्ये आकड्याऐवजी 'यू-एरर-नेम' चं उत्तर छापा, म्हणजे पुढच्या वेळी इनव्हॅलिड फॉरमॅट आणि इल्लीगल आर्ग्युमेंट यातलं कोणतं आलं ते लगेच दिसेल.

---

कंपाइलरकाका

आणि अ‍ॅरेची संख्या पाचच दिली आहे ना, तेही बघा. संख्या कमी पडली तर चूक येत नाही; राहिलेल्या जागी महिरपी कंस आणि क्रमांक जसाच्या तसा छापला जातो.