अडॅप्टर लावणारे सगळे चिंगूस?

घडीचा ट्रायपॉड:
काल 'कुठला कॅमेरा घेऊ' या धाग्यात एका सभासदाने नवख्या मुलाला ठणकावलं: "एका कंपनीची लेन्स अडॅप्टर लावून दुसरीच्या बॉडीवर बसवणं हा चिंगूसपणा आहे. दर्जा हवा तर नेटिव्ह, म्हणजे त्याच बॉडीसाठी बनवलेली लेन्स घे, नाहीतर मोबाइलवर फोटो काढ." तिथेच उत्तर देणार होतो, पण ते मूळ धाग्यापेक्षा लांब व्हायला लागलं.

माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कडीपासून, सेन्सरपर्यंतचं अंतर बघा. आरसेवाल्या कॅमेऱ्यांचे माउंट आधी: निकॉन एफ ४६.५ मिमी, जुना आट्यांचा एम४२ साडेपंचेचाळीस, कॅनन ईएफ ४४. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून सोनी ई १८ वर आणि निकॉन झेड १६ वर आलं. मधली जागा भरायला लागते एक पोकळ नळी, तोच अडॅप्टर. नळीत काच नसते. मग दर्जा नेमका कुठे गळतो? ईएफ लेन्स निकॉनच्या आरसेवाल्या डीएसएलआरवर लावताना मात्र बॉडीतलंच अंतर जास्त, ते अडीच मिमी आडवे येतात. तिथे एक तर इन्फिनिटी फोकसवर, म्हणजे खूप दूरचं स्पष्ट दिसण्यावर, पाणी सोडा, नाहीतर अडॅप्टरमध्ये भिंग घाला. ती भिंगं खरंच फोटोची वाट लावायची. बदनामी त्या काळातली आहे, अजून पुरवून पुरवून वापरली जातेय. २०१८ मध्ये आरएफ आणि झेड हे मिररलेस माउंट आणताना कॅनन आणि निकॉननेच आपापले अडॅप्टर काढले. तेही चिंगूस का?

शार्पणखा:
ते ठणकावणारी मीच. नाव घेऊन लिहायचं होतंत, एवढी भीती कसली?
कॅननने स्वतःच्या लेन्ससाठी अडॅप्टर काढला, परक्याच्या नाही. आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही, त्यामुळे बॉडीतल्या मोटरवर फोकस होणाऱ्या त्यांच्याच जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर निव्वळ मॅन्युअल. घरच्या घरात ही तऱ्हा!
मी कार्यक्रमांचे फोटो काढून पोट भरते. रंगमंचावर नाच चालू असताना एका 'स्मार्ट' अडॅप्टरच्या कॉन्टॅक्टनी मान टाकली. कॅमेऱ्याला लेन्सच दिसेना. बॉडी बंद कर, चालू कर, लेन्स काढ, पूस, लाव. तोवर नाच संपला, दिवे गेले. अडॅप्टरवाल्यांचं उत्तर काय, तर तुमची लेन्स जुनी आहे. तुमचे मिलिमीटर मी त्या आयोजकांना दाखवू का?

घडीचा ट्रायपॉड:
एक अडॅप्टर रद्दी निघाला म्हणून सगळेच बाद? तो मुलगा नाचाचे फोटो काढणार नाहीये, पानाफुलांचे काढणार आहे.

बोकेश:
पॉपकॉर्न घेऊन बसलोच होतो, पण राहवलं नाही. हेलिऑस ४४-२ ही जुनी लेन्स एफ २ वर, म्हणजे पूर्ण उघडी टाकून एकदा बघा. मागची पानं कशी गरगरतात! नेटिव्ह लेन्समध्ये सगळं कसं इस्त्री केलेलं. फोकस पीकिंग लावा, फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगतात, शंका आली तर मोठं करून बघा, हाकानाका.
रच्याकने, नवख्यांसाठी: जुनी लेन्स आपली फोकल लेंथ कॅमेऱ्याला कळवत नाही, हात हलल्याची भरपाई करणाऱ्या स्टॅबिलायझरसाठी ती हाताने भरावी लागते. एपीएस-सीवर, म्हणजे लहान सेन्सरवर, ५० ची लेन्स असेल तर ७५ भरा.

वर्तुळाकार:
७५ नाही, ५०. कृपा करून नवख्यांना असलं काही सांगू नका.

बोकेश:
क्रॉप फॅक्टर दीड असतो हो. ५० गुणिले दीड किती होतात?

वर्तुळाकार:
गुणाकार येतो मला. हात हलला की प्रतिमा सेन्सरवर किती सरकते, ते लेन्सच्या खऱ्या फोकल लेंथवर ठरतं. सेन्सर मोठा की छोटा, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ७५ भरलंत की कॅमेरा दीडपट भरपाई करणार, म्हणजे उलट्या बाजूला हलवणार. क्रॉपने फक्त चौकट लहान होते.

बोकेश:
मी कायम ७५ भरतो आणि माझे फोटो उत्तम येतात.

वर्तुळाकार:
स्टॅबिलायझर बंद करून बघा, आणखी उत्तम येतील. आणि एपीएस-सीवर हेलिऑसच्या कडा कापल्या जातात. तुमची गरगर जिथे सगळ्यात जास्त असते, तोच भाग.

बोकेश:
वैयक्तिक होऊ नका.

तिपेडी:
इथे फोकल रिड्यूसरवाले कुणी नाही का? माझा ०.७१ चा आहे. आता ५०, ७५ की आणखी काही?

वर्तुळाकार:
साधारण ३५ भरा. रिड्यूसरमध्ये भिंग असतं, ते फोकल लेंथ खरोखर कमी करतं. उजेडही एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट मिळतो.

बोकेश:
म्हणजे रिड्यूसर धरायचा, क्रॉप धरायचा नाही. असो. मोठे आहात, पन्नास तर पन्नास. आज बदलून बघतो, पण फरक दिसला नाही तर परत येईन.

वर्तुळाकार:
याच, वाट बघतो. आता धागाकर्ते. नळीत काच नसते हे ठीक, पण सेन्सरच्या पुढ्यात असते, तिचं काय? फिल्मपुढे काही नव्हतं. लायका एम माउंटच्या वाइड लेन्सचा मागचा भाग पार आत जातो, कडेला किरण तिरपे पडतात, आणि त्या काचेतून जाताना कोपऱ्यांचा चिखल होतो. नळी कितीही महागडी आणा.

घडीचा ट्रायपॉड:
ते सेन्सरचं पाप आहे, अडॅप्टरचं नाही. पण ठीक, लायका एमसारख्या रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सना अपवाद धरा. डीएसएलआरच्या काळातल्या लेन्सबद्दल माझं म्हणणं तसूभरही बदलत नाही.

शार्पणखा:
तसूभर! स्वस्त नळ्या मुद्दाम थोड्या आखूड कापतात, इन्फिनिटी नक्की मिळावी म्हणून. मग लेन्सवरचा अंतराचा पट्टा खोटा, आणि फ्लोटिंग एलिमेंटवाली, म्हणजे फोकस करताना आतली भिंगं वेगवेगळी सरकणारी, वाइड लेन्स असेल तर कोपरेही गेले. तो तसू मोजा आधी.

घडीचा ट्रायपॉड:
म्हणून तर चांगली नळी घ्यावी म्हणतोय! नेटिव्हच घे असं कुठून निघालं त्यातून?

शार्पणखा:
पोट भरायचं असेल तर नेटिव्हच. हौसेला काय लावायचं ते लावा, मी अडवणारी कोण. आणि आता उगाच विजयोत्सव नको, पण घरात १३५ मिमीची एम४२ लेन्स पडून आहे. त्याला कुठली नळी लागते?

बोकेश:
या या! आतून फ्लँज, म्हणजे कडा असलेली घ्या. तीच लेन्सच्या मागची, अ‍ॅपर्चर मिटवणारी पिन दाबते, नाहीतर रिंग कितीही फिरवा, अ‍ॅपर्चर उघडंच राहतं.

वर्तुळाकार:
लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असेल तर फ्लँज लागत नाही. आधी खटका बघा.

बोकेश:
फ्लँज असली तर बिघडतं काय?

वर्तुळाकार:
काही जुन्या लेन्समध्ये मागचा भाग फ्लँजला अडतो आणि इन्फिनिटी जाते. आता यावर पण भांडू या का?