ऊसाला रात्री पाणी धरायला मोठ्या फोकसची चार्जिंगची बॅटरी: नवी घ्यावी की आहे तीच दुरुस्त करावी?

ऊसवाला_जुन्नर
राम राम मंडळी. आमच्याकडे या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे, दारं मोडायला (एका सरीचं पाणी दुसरीत वळवायला) बारा वाजता उसात जावं लागतंय आणि बिबट्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्याकडे खांद्याला अडकवायची मोठी बॅटरी आहे, आत 6 व्होल्ट 4.5 एएचचा (अँपिअर-अवर) तो काळा चौकोनी डबा. दोन वर्षं झकास चालली मग चार्जिंगचा बोर्ड जळाला म्हणून तालुक्याला दिली, बोर्ड बदलून आणला आणि तिथून जे सुरू झालं ते झालं, आठ महिन्यांत दोनदा आतली बॅटरी बदलली, साडेचारशे-साडेचारशे गेले. रात्रभर लावून ठेवतो, हिरवा दिवा लागतो, बांधावर गेलं की वीस मिनिटात उजेड पिवळा. दुकानदार म्हणतो मॉडेलच बेकार आहे, फेकून द्या. ऑनलाइन बाराशेला एक दिसतीय, 5 किलोमीटर फोकस लिहिलंय. घेऊ का?

कांदा_भेळ
5 किमी म्हणजे तुमच्या उसातून थेट दुसऱ्याच्या गावात 😄 आपल्याला पाहिजे शंभर-दीडशे मीटर. घेऊ नका.

वजनकाटा
बॅटरीची बॅटरी आठ महिन्यांत दोनदा जाते म्हणजे दोष बॅटरीत नाही भाऊ. व्होल्टेज मोजायचं मीटर आहे का घरात? रात्रभर चार्जिंग झाल्यावर पिन काढा, तासभर थांबा, मग व्होल्टेज बघा. नंतर लाईट चालू करून परत बघा.

ऊसवाला_जुन्नर
पुतण्याकडून बघून घेतलं. नुसती असताना 5.9, लाईट लावली की 4.7 वर येते.

वजनकाटा
वाटलंच होतं. फुल चार्ज झालेली 6 ची बॅटरी आराम करून 6.3-6.4 दाखवते, तुमची कधी भरतच नाही. आता प्लग काढून मागचे स्क्रू खोला आणि त्या नव्या बोर्डावर छोटा ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. नसेल आणि नुसता एक तपकिरी चपटा कपॅसिटर असेल तर त्याच्यावर काय लिहिलंय ते सांगा. प्लग काढल्या काढल्या हात लावू नका, कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

ऊसवाला_जुन्नर
ट्रान्सफॉर्मर नाही. 105जे 400व्ही लिहिलंय.

वजनकाटा
सापडला चोर. हा हातात धरायच्या छोट्या टॉर्चचा बोर्ड आहे, दुकानदाराने होता तो बसवून दिला. 105 म्हणजे 1 मायक्रोफॅरड, आपल्या 230 व्होल्टवर त्यातून जेमतेम 70 मिलीअँपिअर करंट जातो. 4.5 एएच रिकामी झालेली भरायला सलग अडीच-तीन दिवस लागतील, तुम्ही देताय दहा तास. रोज अर्धपोटी ठेवली की लेड अ‍ॅसिडच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग कितीही चार्ज करा, घेत नाही. हिरवा दिवा फक्त घरात लाईट आहे एवढंच सांगतो. अजून एक, आणि हे महत्त्वाचं: अशा बोर्डात मेनचा करंट वेगळा केलेला नसतो, चार्जिंगला असताना आतल्या कुठल्याही वायरला हात लागला तर थेट शॉक. ओल्या पायाने तर अजिबात नाही.

उपाय स्वस्त आहे. लहान पोरांच्या बसायच्या गाडीत हीच 6 व्होल्ट 4.5 ची बॅटरी असते, वजनकाट्यातही (माझा धंदाच तो). त्या गाडीचा 500 मिलीअँपिअरचा चार्जर घ्या, जुना बोर्ड काढून टाका, नवी पिन बसवा, प्लस मायनस उलटं करू नका. मोबाईलचा चार्जर चालत नाही, तो 5 व्होल्टचा.

लिथियम_दादा
लेड अ‍ॅसिड कशाला, लिथियम टाका ना, निम्म्या वजनात होतं.

वजनकाटा
दोन सेल सिरीजला म्हणजे फुल 8.4 व्होल्ट, त्याला बीएमएस (सेल जास्त भरू किंवा जास्त उतरू न देणारा छोटा बोर्ड) आणि वेगळा चार्जर हवा. जुन्या चार्जरवर लिथियम लावून गोठ्यात आग लावून घेऊ नका. आणि 9900 एमएएच छापलेले 18650 सेल (लिथियमचे गोल नळकांडे) मिळतात ते शुद्ध थापा, चांगल्या कंपनीच्या सेलमध्ये साधारण 3500 पर्यंत मावतात. हातात घेऊन बघा, खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, हलका लागला की समजायचं.

नारायणगावची_ताई
दुरुस्ती करा पण एकट्या मोठ्या बॅटरीवर जाऊ नका. एका हातात खोरं एका हातात बॅटरी, दार मोडायला वाकलं की उजेड भलतीकडेच. आम्ही दोघं जातो, डोक्याला पट्ट्याची टॉर्च आणि मोठी दुसऱ्याच्या हातात, वाकायच्या आधी चारी बाजूला फिरवायची. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटतो, फॉरेस्टवाले पण हेच सांगतात. मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, आमचे हे तर स्वतःच गातात, त्यामुळे बिबट्या सोडा कोल्हासुद्धा फिरकत नाही.

ऊसवाला_जुन्नर
ताई 😂 आमचं पण घेतो गाणं.
अपडेट: खेळण्याच्या दुकानातून चार्जर आणला, दोनशे ऐंशी. दिवसभर लावून रात्री बघितलं तर 6.1, मनात म्हटलं गेले पैसे. वजनकाटा भाऊंनी मेसेजमध्ये सांगितलं तसं दोन-तीनदा पूर्ण चार्ज करून वापरली, आता 6.3 वर थांबते आणि काल सव्वा तास चालली. नवी होती तेव्हा दोन तास चालायची.

वजनकाटा
सल्फेट धरलेली आहे, याहून जास्त येणार नाही. हा सीझन काढा. पाणी संपल्यावर माळ्यावर टाकताना फुल चार्ज करून टाका आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावा. बदलाल तेव्हा जुनी भंगारात द्या, शिशाचे पैसे येतात, विहिरीच्या कडेला टाकू नका.

ऊसवाला_जुन्नर
बरं. आज परत बाराची लाईट आहे, डोक्याची टॉर्च आणायला चाललोय.