मदत हवी आहे: काळ्या मातीतल्या घराच्या भेगा थांबत नाहीत

नमस्कार राजेहो, मी दारव्हा तालुक्यात घरदुरुस्तीची कामं घेते, सोबत दोन मिस्त्री अन चार बाया. सध्या एका कामात अडकली. वीस वर्षं जुनं विटांचं घर, कॉलम नाही, पाया साडेतीन फूट अन खाली सगळी कपाशीची काळी माती. उन्हाळ्यात कोपऱ्यांत जिन्यासारख्या तिरप्या भेगा पडतात, बोट जाईल इतक्या, पावसाळ्यात अर्ध्या मिटतात. आधीच्या ठेकेदारानं दोनदा नुसती पुट्टी भरून पैसे घेतले. मी जाळी लावून प्लास्टर केलं तर तेही मे महिन्यात उकललं, चूक माझीच, खाली मातीच उन्हात आकसून अन पावसात फुगून हलते तर भिंतीला मलम लावून काय होते!

न्हाणीचं पाणी पायाजवळच मुरत होतं ते पाइप टाकून लांब नेलं. भिंतीपासून सहा फुटांवर कडुनिंब आहे, त्याची मुळं मातीतली ओल ओढतात, पण मालक तोडू देत नाही. बजेट ऐंशी हजार, त्यामुळे पाडून नवीन बांधा हे सांगू नका.

आता घराभोवती माती काढून मुरूम भरायचा अन वरून चार फूट रुंद, बाहेर उताराचं काँक्रीट करायचं असं डोक्यात आहे. कोणी केलं असेल तर सांगा, माती किती खोल काढली, अन हे काम भेगा उघड्या असताना उन्हाळ्यातच करावं की पावसाळा संपल्यावर?