गॅस गिझर: बादली भरते, शॉवरला मात्र ज्योत विझते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंदूर, सुदामा नगर. घर वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच. गिझर 6 लिटरचा, पाइपलाइनच्या गॅसवरचा, बाहेर बाल्कनीत लावलेला (‘बाथरूममध्ये तर नाही ना?’ हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं).

नुसता गरम नळ पूर्ण सोडला की टिकटिक होऊन लगेच पेटतो, बादली भरेपर्यंत काही तक्रार नाही. पाणी कढत. पण शॉवरला थंड मिसळलं की थोड्याच वेळात ज्योत जाते, परत टिकटिक, परत पेटतो, परत जातो. डिसेंबरची सकाळ आणि अंगाला साबण, बाकी तुम्ही समजून घ्या.

दोन्ही मोठे सेल नवे घातले. ज्योत निळी आहे. थंड नळाला जाड धार, गरमला करंगळीएवढी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, त्यामुळे टाकीत बोरिंगचंही असतं. बादल्यांवर पांढरे थर.

एक मिस्त्री म्हणतो डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलाय, दुसरा म्हणतो नवाच घ्या. खरं काय?

प्रतिसाद:
डायफ्राम वाटत नाही. पाण्याच्या दाबाने तो दांडी ढकलतो, तेव्हा ठिणगी पडते आणि गॅस सुटतो. चांगला फाटला असता तर टिकटिकसुद्धा झाली नसती.

तुमचा गरम बाजूचा प्रवाह मुळात काठावर आहे. थंडाची जोरदार धार त्याला मागे रेटते, प्रवाह घटतो, गिझर बंद पडतो. 10 मीटर उंचीला जेमतेम 1 बार दाब मिळतो. तुमची टाकी आठ-दहा फुटांवर, म्हणजे पाव बारच्या आसपास.

गॅस आणि पाणी बंद करून गिझरच्या थंड पाण्याचा जोड सोडा. आत बारीक जाळी असते, ती ब्रशने धुवा. शॉवरचं तोंडही काढून बघा, भोकं क्षारांनी बुजलेली असतात. मग गरम नळाखाली मिनिटभर बादली धरून पाणी मोजा. जोडाच्या पाइपला जोर असून नळाला नसेल, तर कॉइलमध्ये (पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या नळीत) क्षार बसलेत.

आणि थंड मिसळताच कशाला? गॅसचा नॉब कमी करा, पाणी तिथेच कोमट होईल. नवा घेतलात तरी टाकी तिथेच राहणार!

धागाकर्ता:
जाळीत रेती आणि पांढरे कपचे. मिनिटाला अडीच लिटर येत होतं, आता चारच्या जवळ. नॉब कमी ठेवून शॉवर चालतोय, थंड जास्त सोडलं तर अजूनही विझतो. जोडाच्या पाइपला मात्र फोर्स भरपूर आहे. म्हणजे कॉइलच ना? लिंबूसताचं पाणी तांब्याला चालेल का?

प्रतिसाद:
चालेल. गिझर उतरवून, सौम्य द्रावण, नंतर साध्या पाण्याने भरपूर धुणं. ॲसिड ओततो म्हणणाऱ्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका. गॅसचा जोड परत बसवला की साबणाचा फेस लावून गळती बघा.