मदत हवी आहे : दर दिवाळीला 'काम समाधानकारक' लिहिलेल्या माणसाला कमी कसे करावे?

नमस्कार. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचे सुटे भाग करणारा भागीदारीतला लहान कारखाना आहे. तेथील मालाच्या एकमेव तपासनीसांना कामावरून कमी करण्याचा प्रश्न माझ्यापुढे आहे. त्यांच्या नोकरीला ६ वर्षे ८ महिने झाली आहेत.

वर्षभरात त्यांनी पास केलेला माल दोनदा परत आला. दुसऱ्या खेपेस मी तपासणीचे कागद काढले, तर २० नगांच्या २० रकान्यांत २४.९८ हे एकच माप ओळीने उतरवलेले होते. मापे घेण्याचा व्हर्नियर पेटीबाहेर निघालाच नसावा. मग त्यांची फाईल उघडली आणि मीच अडचणीत आलो. दर दिवाळीच्या शेऱ्यात 'काम समाधानकारक' आणि खाली माझीच सही! तोंडी अनेकदा बोललो होतो, लेखी एकदाही नाही.

भागीदार म्हणतात, बोलावून राजीनामा लिहून घ्या. मला ते पटत नाही. दबावाखाली घेतलेला राजीनामा कामगार न्यायालयात टिकणे कठीण, आणि टिकलाच तरी शहरात रावपुऱ्यात ते तपासनीस समोर आले की मान खाली घालावी लागेल ती मला. शिक्षा म्हणून केलेली बडतर्फी सोडली, तर कामगाराला असे काढणे छाटणीत मोडते, म्हणजे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ग्रॅच्युइटी निराळी : मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २४,००० रुपये, गुणिले १५, भागिले २६, गुणिले ७ वर्षे (सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात), असे सुमारे ९६,९०० रुपये होतात. पैसे देण्यास माझी हरकत नाही.

अडते ते पुढे. न मोजता आकडे भरणे हे गैरवर्तन मानून आरोपपत्र देऊन चौकशी करावी, की कामातली कमतरता मानून तीन महिन्यांची लेखी मुदत द्यावी? पत्र गुजरातीत द्यायचे हे ठरले आहे, कारण ते तीच भाषा सहज वाचतात. पण मनात निर्णय जवळजवळ झालेला असताना दिलेली मुदत हे नुसते नाटक ठरणार नाही का? शिवाय दोन वर्षांपूर्वी तपासायचे नग दुप्पट झाले आणि तपासनीस एकच राहिला, हेही मला नाकारता येत नाही.

लहान कारखान्यात ज्यांनी अशी मुदत खरोखरीच दिली असेल, त्यांनी पहिल्या पत्रात काय लिहिले आणि रोजच्या तपासणीचे प्रमाण किती ठरवले, हे कृपया कळवावे.